यांत्रिक करवतीवर तिरकस सांध्याचे अचूक काप

नाणेघाटाच्या माथ्यावर, जीवधन किल्ल्याच्या पायथ्याशीं वसलेलें घाटघर हें जुन्नर तालुक्यांतील गांव कोणत्याही सुताराची परीक्षा घेण्यास पुरेसें आहे. (अकोलें तालुक्यांत याच नांवाचें दुसरें गांव आहे, तें येथें अभिप्रेत नाहीं.) कोंकणांतून चढून येणारा पावसाळी वारा घाटाच्या तोंडाशीं इतका जोर धरतो कीं, कड्यावरून पडणारें पाणी कित्येकदां खालीं न जातां उलटें वर उडतें. तें पाहण्यास हल्लीं शहरचे लोक आषाढ-श्रावणांत मोटारी भरभरून येतात व त्यांस ती मोठी मौज वाटते. ज्याचें घर त्या वाऱ्याच्या वाटेवर आहे त्यास मात्र ही गोष्ट निराळी दिसते. जो वारा धबधबा वर उचलतो तोच पाख्याच्या कडेच्या फळींतील फटींतून पाणी वर चढवितो, तें वाशांच्या टोकांत मुरतें, आणि चार-पांच पावसाळ्यांत वासा आंतून भुगा होऊन जातो. ही फट बहुधा कोठें असते? दोन फळ्या जेथें तिरक्या कापून एकमेकींस भिडविलेल्या असतात तेथें.

शेतकीच्या मासिकांत सुतारकामाचा विषय कशास, असें कोणी म्हणेल. परंतु भात, नाचणी, वरई आणि हिरडा ज्या छपराखालीं ठेवावयाचीं तें छप्पर हेंही शेतीचेंच अंग होय. शिवाय लांकूड आतां पूर्वींसारखें सुलभ राहिलेलें नाहीं. स्वतःच्या बांधावरचा साग, ऐन, जांभूळ किंवा हिरडा तोडावयाचा झाला तरी १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्याप्रमाणें परवानगी घ्यावी लागते, आणि विकतच्या सागाचा भाव ज्यानें दिला आहे त्यास चुकीच्या कापानें वाया गेलेल्या वीतभर तुकड्याची किंमत सांगावयास नको. गेल्या कांहीं वर्षांत तालुक्याच्या बाजारपेठांतून विजेच्या करवती आल्या, कांहीं शेतकऱ्यांनीं स्वतःही घेतल्या. यंत्र घेतलें म्हणजे काप आपोआप अचूक येतो, हा समज मात्र अगदीं खोटा आहे. हातकरवतीनें चांगला सुतार चुकतो तो एकदां. न जुळविलेलें यंत्र प्रत्येक कापास तेवढीच चूक न कंटाळतां करीत राहतें.

प्रथम सांधा कोणता तें स्पष्ट करूं. दोन पट्ट्या काटकोनांत मिळवावयाच्या असतां प्रत्येकीचें टोंक ४५ अंशांवर कापून तीं टोंकें एकमेकांस भिडवितात, त्यास कारखान्यांतील लोक ‘मायटर’ म्हणतात. दाराच्या मुख्य चौकटीस हा सांधा घालूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. आपल्या जुन्या सुतारांनीं चौकटीस कुसूं व खाच ठेवली आणि वरच्या आडव्या लांकडाचे कान भिंतींत जाऊं दिले, यांत मोठें शहाणपण आहे. भार उचलण्यास तिरकस सांधा दुबळा, कारण त्यांत दोन्ही लांकडांचे उघडे तंतू एकमेकांस चिकटवावयाचे असतात व सरस ते शोषून घेतात. परंतु चौकटीभोंवतालची पट्टी, खिडकीच्या जाळीची चौकट, तावदानाची कांच धरणारी पट्टी, वळचणीची फळी कोपऱ्यावर वळते ती जागा, आणि आढ्यापाशीं दोन्ही पाख्यांच्या कडेच्या फळ्या मिळतात तें शिखर, या ठिकाणीं दुसरा सांधा शोभत नाहीं व पाणीही अडवीत नाहीं.

आतां चुकीचा हिशेब पाहा. ४ इंच रुंदीची पट्टी ४५ अंशांवर कापली म्हणजे तिरक्या कापाची लांबी सुमारें ५ इंच ५ सूत होते. चार बाजूंच्या चौकटीस असे आठ काप लागतात. प्रत्येक काप अवघा अर्धा अंश एकाच अंगास चुकला, तर तीन कोपरे कसेबसे दाबून जुळवितां येतील, पण सगळी चूक चवथ्या कोपऱ्यांत जमा होऊन तेथें ४ अंश होईल. आणि ४ अंश म्हणजे त्या कापाच्या टोंकाशीं जवळजवळ ३ सूत फट. अर्धा अंश डोळ्यांस दिसत नाहीं, ३ सूत मात्र पावसास चांगले दिसतात. यंत्रावरील अंशांची पट्टी वाचून ४५ वर कांटा आणला कीं झालें, असें समजणारे लोक याच जागीं फसतात. त्या पट्टीवरील एका रेघेची जाडीच पुष्कळदां पाव अंशाची असते.

ज्या यंत्राविषयीं आम्ही मुख्यतः लिहीत आहोंत तें म्हणजे फिरत्या बाहूची करवत, ‘रेडियल आर्म सॉ’. अमेरिकेंतील रेमंड डीवॉल्ट यानें १९२२ सालीं तें बनविलें व १९२५ सालीं त्यास त्याचें पेटंट मिळालें. मेजाच्या मागें एक लोखंडी खांब, त्यावर आडवा बाहू, आणि त्या बाहूखालीं पुढें-मागें धांवणारी मोटर व तिचें वाटोळें पातें, अशी याची रचना असते. लांकूड मेजावर मागील आडपट्टीस टेकवून स्थिर ठेवावयाचें आणि करवत आपल्याकडे ओढावयाची. बाहू खांबाभोंवतीं डावीउजवीकडे फिरतो, त्यामुळें हवा तो तिरका काप घेतां येतो. हल्लीं याची जागा लहान, उचलून नेतां येणाऱ्या मायटर करवतीनें पुष्कळशी घेतली आहे. पण जुळणीचीं तत्त्वें दोन्ही यंत्रांस बहुतेक सारखींच लागू पडतात, आणि बाहूच्या यंत्रांत तीं उघड दिसतात म्हणून त्याच्याच आधारें सांगणें सोपें.

जुळणीचा क्रम फार महत्त्वाचा आहे, कारण पुढली जुळणी मागलीवर उभी असते. आधीं मेज बाहूशीं समांतर हवें. पातें मेजास जेमतेम घासेल असें उतरवून, वीज तोडून, तें मागून पुढें व डावीकडून उजवीकडे न्यावें. एके ठिकाणीं घासतें व दुसऱ्या ठिकाणीं अंतर राहतें असें दिसल्यास मेजाखालचे स्क्रू फिरवून तें सारखें करावें. नंतर पातें मेजाशीं काटकोनांत आहे कीं नाहीं तें गुण्या लावून पाहावें. गुण्याचें टोंक दातांस न लावतां पात्याच्या पोटास लावावें, कारण दांत बाजूस वळविलेले असतात. गुण्याही तपासलेला हवा. सरळ कांठाच्या फळीवर गुण्यानें एक रेघ ओढावी, गुण्या उलटा करून तेथेंच दुसरी ओढावी. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या तर गुण्या खरा, न बसल्यास तो बैलाच्या गळ्यांत बांधण्याच्याही उपयोगाचा नाहीं.

त्यानंतर बाहूची धांव मागील आडपट्टीशीं काटकोनांत आहे कीं नाहीं हें पाहावयाचें, आणि येथें गुण्याहून सरस अशी एक युक्ति आहे. करवतीच्या ओढींत मावेल अशी, साधारण फूटभर चौरस, चांगली सपाट प्लायवुडची फळी घ्यावी. तिची एक बाजू आडपट्टीस टेकवून शेजारची बाजू बारीकशी कापावी. आतां नुकतीच कापलेली बाजू आडपट्टीस टेकवून पुढली कापावी. असे चारी बाजूंस चार काप झाले म्हणजे पांचव्या वेळीं, प्रथम कापलेल्या बाजूवरूनच, अर्ध्या इंचाची एक चीप काढावी. त्या चिपेच्या दोन्ही टोंकांची रुंदी मोजावी. करवत खरी असेल तर ती सारखी भरेल. फरक निघाल्यास तो चार चुकांची बेरीज होय. अर्धा सूत, म्हणजे १/१६ इंच, फरक असला तर एका कापांतील चूक फुटास १/६४ इंच समजावी. जी चूक कोणत्याही गुण्यास दिसली नसती ती अशा रीतीनें चौपट मोठी होऊन समोर येते. बाहूचा स्क्रू थोडा थोडा फिरवून ही चीप दोन्ही टोंकांस सारखी होईपर्यंत हें काम करावें. सकाळ गेली तरी चालेल.

आणखी एक दोष असा कीं, बाहू सरळ धांवतो पण पातें त्या धांवेशीं किंचित् वांकडें बसलेलें असतें. मग पात्याचे मागले दांत कापलेल्या अंगास दुसऱ्यांदा घासतात, काप जाड होतो, व लांकडावर एका बाजूस ओरखडे उठतात. तिरक्या कापांत हाच दोष सांधा न बसण्याचें गुप्त कारण असतो. मोटरीच्या कवचाजवळील स्क्रू ढिले करून तो काढतां येतो.

इतकें झाल्यावर बाहू ४५ अंशांवर फिरवावा व रद्दी लांकडावर चाचणी घ्यावी. सरळ पट्टी तिरकी कापून तिचा एक तुकडा उलटा करावा, दोन्ही काप भिडवून कोपरा तयार करावा व त्यांत गुण्या घालावा. येथें चूक दुप्पट दिसते, म्हणून दिसेल त्याच्या निम्मीच दुरुस्ती करावी. बाहू नेहमीं एकाच दिशेनें आणून थांबवावा, नाहींतर खांबाजवळचा ढिलेपणा प्रत्येक वेळीं निराळा कोन देतो.

परंतु ज्यास पुष्कळ चौकटी करावयाच्या आहेत त्यानें बाहू फिरविण्याच्या भानगडींत मुळींच पडूं नये. नक्षीची पट्टी उलटी करतां येत नाहीं. तिचें एक टोंक डावीकडून व दुसरें उजवीकडून कापावें लागतें, आणि बाहू एकदां डाव्या व एकदां उजव्या ४५ वर सारखाच आणणें कठीण. यास उपाय साधा आहे. प्लायवुडची एक काटकोन त्रिकोणी फळी करावी, तिची लांब बाजू मागील आडपट्टीस टेकवावी, काटकोनाची चोंच आपल्याकडे यावी व बरोबर पात्याच्या मार्गावर पडावी. ही फळी मेजास स्क्रूनें पक्की करावी. बाहू सरळ, शून्यावर कायम. चौकटीच्या प्रत्येक पट्टीचें एक टोंक चोंचीच्या डाव्या कडेस टेकवून व दुसरें उजव्या कडेस टेकवून कापावें. या युक्तींतील मर्म असें कीं, त्रिकोण किंचित् फिरून बसला तरी सांधा बिघडत नाहीं. एका बाजूस ४४ अंश झाले तर दुसऱ्या बाजूस आपोआप ४६ होतात, आणि कोपऱ्यांत डावा काप उजव्या कापास मिळत असल्यानें बेरीज ९० च भरते. चोंचीचा काटकोन तेवढा वर सांगितलेल्या पांच कापांच्या रीतीनें खरा करून घेतला कीं पुष्कळ दिवसांची काळजी मिटली. मायटर करवतीच्या मेजावरही असा त्रिकोण बसवितां येतो.

कोन जितका महत्त्वाचा तितकीच लांबी. समोरासमोरच्या दोन पट्ट्या अर्धा सूत लहानमोठ्या झाल्या तर कोन निर्दोष असूनही कोपरे उघडे पडतात. पट्टी-पेन्सिलीनें प्रत्येक तुकडा निराळा मोजूं नये. एक टोंक कापून झाल्यावर तें एका ठोकळ्यास टेकेल असा ठोकळा मेजावर घट्ट बसवावा व दोन्ही जोडीच्या पट्ट्या त्याच ठोकळ्यावर कापाव्या. ठोकळ्याच्या बुडाशीं थोडी फट ठेवावी, म्हणजे भुसा तेथें सांचून माप चोरणार नाहीं. तिरक्या कापांत पातें लांकडास बाजूस ढकलूं पाहतें, यासाठीं टेकण्याच्या कडेस कांचकागद चिकटवावा आणि पट्टी शिकंज्यानें आंवळावी. नुसत्या हातावर भरंवसा ठेवूं नये. पट्टीची टेकणारी कड रंध्यानें सरळ केलेली असली पाहिजे, हें सांगावयास नकोच. वांकड्या कडेस खरा कोन लागत नाहीं.

आढ्यावरच्या शिखराचा काप हा याहून थोडा निराळा. तेथें फळ्या काटकोनांत मिळत नाहींत, म्हणून ४५ चा उपयोग नाहीं. छपराचा उतार एका फुटास ७ इंच असला तर तो सुमारें ३० अंशांचा होतो, आणि दोन्ही पाखीं सारखीं असतील तर प्रत्येक फळी सरळ कापापासून तेवढेच ३० अंश तिरकी कापावी, म्हणजे सांधा उभ्या ओळंब्यांत येतो. पण आपलीं जुनीं घरें अशीं शिस्तीचीं क्वचितच असतात. पुढचें पाखें एक व मागचें दुसरें, असा प्रकार पुष्कळ. समजा, एक ३० अंशांचें व दुसरें २५ अंशांचें आहे. सुतार ओळंबा धरून दोन्ही फळ्या उभ्या कापतो आणि मग त्यास नवल वाटतें कीं ८ इंचांच्या दोन फळ्यांचे काप लांबींत जवळजवळ ३ सुतांनीं भिन्न कसे झाले. तेव्हां खालीं एक फळी लोंबते, तिला तासून सारखी करतात, आणि पाण्यास वाट मिळते. येथें ओळंबा विसरावा. शिखराचा पुरा कोन १२५ अंश, त्याचे निम्मे साडेबासष्ट; म्हणजे दोन्ही फळ्या सरळ कापापासून साडेसत्तावीस अंशांवर कापाव्या. सांधा किंचित् कलता दिसेल, परंतु दोन्ही काप लांबीनें सारखे होऊन पुरे भिडतील. अंश मोजण्याचें साधन नसल्यास दोन रद्दी पट्ट्या छपरावर धरून खिळ्यानें एकत्र ठोकाव्या, तो सांपळा खालीं आणून फळीवर कोन उतरून घ्यावा आणि कंपासानें त्याचे दोन भाग करावे.

एवढें सर्व केलें तरी ओलें लांकूड सगळ्यावर पाणी फिरवितें. लांकूड आटतें तें रुंदींत, लांबींत जवळजवळ नाहींच. साग इतर लांकडांच्या मानानें पुष्कळ स्थिर. तरी हिरव्यापासून पुरता वाळेपर्यंत तोही वर्तुळांच्या अंगानें सुमारें ५ टक्के आटतो, आणि गाभ्यापासून सालीकडे त्याच्या साधारण निम्मा. ६ इंची फळी ३ टक्के आटली तर ४५ चा काप ४५ चा राहत नाहीं. काटकोनी सांध्यांत आंतील कोपऱ्याशीं २ सूत फट पडते. उलट कडक वाळलेल्या लांकडाचा सांधा पावसाळ्यांत फुगून बाहेरच्या टोंकाशीं उघडतो. म्हणून फट आंत आहे कीं बाहेर, एवढें पाहिलें तरी दोष करवतीचा कीं लांकडाचा याचा पुष्कळ अंदाज येतो. घाटघरसारख्या ठिकाणीं, जेथें चार महिने भिंतीही घाम सोडतात आणि वैशाखांत तेंच लांकूड तडकतें, तेथें फळ्या निदान एक उन्हाळा छपराखालीं पट्ट्या घालून रचून ठेवाव्या व तिरकस सांध्याचें काम कार्तिक-मार्गशीर्षांत काढावें. त्या वेळीं लांकूड दोन टोंकांच्या मधोमध असतें. पाऊस तोंडावर आला म्हणून ज्येष्ठांत घाईनें केलेलें काम आम्हांस कधींच पसंत पडलें नाहीं.

या यंत्राचा एक स्वभाव न सांगतां पुढें जाणें योग्य नव्हे. आडव्या कापांत त्याचें पातें खालच्या अंगानें आपल्यापासून दूर, आडपट्टीकडे फिरतें. त्यामुळें लांकूड मागें दाबलें जातें हें खरें, पण त्याच जोरानें करवत स्वतः आपल्या अंगावर धांवून येऊं पाहते. जाड किंवा गांठीचें लांकूड लागलें कीं ती एकदम उडी घेते. ओढणारा हात कोपरांत ताठ ठेवून तिला जणूं मागें रेटीत पुढें येऊं द्यावें, आणि पातें कमी आंकड्याच्या दातांचें, म्हणजे ज्याचे दांत पुढें झुकलेले नाहींत किंवा थोडे मागेंच कलले आहेत असें घ्यावें. लांकूड धरणारा हात पात्याच्या मार्गापासून वीतभर तरी दूर असावा, एक हात दुसऱ्यावरून कधीं नेऊं नये, प्रत्येक कापानंतर करवत आडपट्टीच्या मागें लोटावी आणि माप घेण्यापूर्वीं वीज तोडावी. उपरणें, सैल बाही, हातमोजे हीं दूर ठेवावीं. २००० सालीं अमेरिकेंत एमर्सन टूल कंपनीस ‘क्राफ्ट्समन’ छापाच्या सुमारें ३७ लाख जुन्या यंत्रांविषयीं, पात्यावरचें आच्छादन पुरें नाहीं म्हणून, नवें आच्छादन देण्याची जाहीर सूचना काढावी लागली होती. जुनें यंत्र स्वस्तांत मिळतें म्हणून घेणाऱ्यानें तें आच्छादन प्रथम पाहावें, मोटर मागाहून.

सांधा बसविण्यापूर्वीं कापलेल्या तोंडांस पातळ केलेल्या सरसाचा एक हात द्यावा, तो सुकूं लागला कीं दुसरा दाट हात देऊन मग भिडवावें. असें केल्यानें उघडे तंतू दुसरा हात पिऊन टाकीत नाहींत. बाहेरच्या कामास पाण्यानें न सुटणारा सरसच घ्यावा. चौकट आंवळल्यावर दोन्ही कर्ण दोरीनें मोजावे. ते सारखे भरेपर्यंत ती जागची हलवूं नये. शिखरावरच्या सांध्यास मागून एक आडवी पट्टी स्क्रूनें जोडावी, आणि वरून जस्ती पत्र्याचा तुकडा दोन्ही फळ्यांवर तीन-तीन इंच उतरेल असा वांकवून ठोकावा. खिळे पत्र्याच्या खालच्या कडेस, बाजूनें मारावे. माथ्यावर एकही नको.